कमी सहभागाचा गट

"माझं नाव विचारणार असाल तर मी उठतो," तो म्हणाला.

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला एक स्टेडियम अर्धवट बांधून सोडलेलं होतं. पायऱ्या झाल्या होत्या, मैदान झालंच नव्हतं. समोर नुसती काळी माती आणि तिच्यात माजलेल्या वेड्या बाभळी. सोलापूरचं मार्चमधलं ऊन, वर छप्पर नाही. तो पिलरच्या सावलीत बसला होता आणि सावली सरकेल तसा सरकत होता.

"नाव नको," मी म्हटलं. "माझ्याकडं नंबर आहे, तेवढा पुरतो."

"आणि नंबरावरनं नाव कोण काढतं?"

"कोणी नाही. मला तुमचं नाव खरंच माहीत नाही."

ते खरं होतं. मी त्या वेळी शिक्षणशास्त्र विभागात दाभाडे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि त्यांच्याच प्रकल्पावर सहायक होते. विद्यापीठातली मुलं अभ्यासात आणि एकूण इथल्या जगण्यात किती रमतात, किती भाग घेतात, हे मोजायचा तो प्रकल्प. हजारो मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. शिवाय मुख्य गेट, ग्रंथालय आणि वर्ग इथं कार्डाची यंत्रं बसवली होती. त्या सगळ्याचा मेळ घालून संगणक मुलांचे तीन गट पाडायचा. जास्त सहभाग, मध्यम सहभाग, कमी सहभाग. कमी सहभागाच्या गटातली काही मुलं शोधायची, त्यांच्याशी निवांत बोलायचं आणि ते रेकॉर्ड करून आणायचं, हे माझं काम.

या मुलाचं प्रकरण मला संगणकाची चूकच वाटलं होतं. वर्गात हजेरी नाही. ग्रंथालयात पाऊल नाही. खेळ, संमेलन, काही नाही. पण गेटवर रोज सकाळी कार्ड लागलेलं आणि रोज संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा लागलेलं. इतका वेळ विद्यापीठात काढणारी मुलं जास्त सहभागाच्या गटातही फार नव्हती. मी ते सरांना दाखवलं. सर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"चूक नाही ती," ते म्हणाले. "हा मुलगा शोधा. दुसऱ्या कोणाला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा."

सर तसे मोजकं बोलणारे. साताऱ्याकडचे, पण नोकरीची सगळी वर्षं सोलापुरात गेलेली. आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. विद्यापीठात कसलीही चौकशी निघाली की समितीच्या अध्यक्षपदासाठी पहिलं नाव त्यांचं यायचं, कारण त्यांच्याकडं बोट दाखवायला कोणाला जागा नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटायचा. त्यांनी इतक्या अर्जांतून मला निवडलं, याचा तर फारच.

रोज येऊन वर्गात न जाणारा मुलगा कुठं असतो, हे कँटीनमध्ये विचारत विचारत मी स्टेडियमपर्यंत पोचले होते. "तो पायऱ्यांवरचा का," असं तिथला एक मुलगा म्हणाला होता. म्हणजे त्याला सगळे ओळखत होते आणि कोणीच ओळखत नव्हतं.

"तुम्ही रोज येता," मी सुरुवात केली.

"येतो."

"पण वर्गात जात नाही."

"नाही."

"मग दिवसभर काय करता?"

"बसतो. डबा खातो. संध्याकाळी घरी जातो."

"घरी माहीत आहे?"

"घरी वाटतं मी विद्यापीठात जातो." तो किंचित हसला. "जातोच की."

पोरगा बाविशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, नीट पॉलिश केलेले बूट. घरातलं कोणीतरी रोज काळजीनं त्याला तयार करून पाठवत असणार. मी ठरलेले प्रश्न विचारत गेले. शिक्षकांशी बोलणं होतं का. नाही. अभ्यासात गोडी वाटते का. वाटायची. आणि मग तो प्रश्न, जो सरांनी स्वतः प्रश्नावलीत घातला होता. बाकीच्या सल्लागारांनी तो काढायला सांगितला होता, पण सरांनी ऐकलं नव्हतं: आपल्यामुळे किंवा आपल्या डोळ्यांसमोर इथं कोणावर अन्याय झाला असं तुम्हाला वाटतं का?

त्यानं माझ्या हातातल्या रेकॉर्डरकडं बघितलं. बाभळीत होले घुमत होते.

"मॅडम, ही रेकॉर्डिंग कोण ऐकतं?"

"मी. आणि दाभाडे सर."

"सगळी ऐकतात ते? स्वतः?"

"सगळी. त्यांचा नियमच आहे तो."

"मग ते यंत्र इकडं, जवळ ठेवा," तो म्हणाला.

मी रेकॉर्डर त्याच्या पायरीवर ठेवला. त्यानं तो नीट स्वतःकडं वळवला आणि त्यानंतर माझ्याकडं एकदाही न बघता बोलत राहिला.

"माझा एक मित्र होता, यल्लेश. यल्लेश दोडमनी. अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या सीमेला लागून गाव आहे त्याचं. हॉस्टेलला राहायचा. आमची आडनावं हजेरीपटावर खालीवर, त्यामुळं बाकसुद्धा पुढंमागं. मला यायचं नाही ते त्याला यायचं. तो माझ्याकडनं इंग्रजी शिकायचा आणि मला गणितं शिकवायचा. गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेत माझ्याकडं मोबाइल होता. घरातला जुना, सिम काढलेला. त्यात पानांचे फोटो होते. यल्लेशला माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यानं मला तो घेऊन आत जाऊच दिलं नसतं."

यंत्र चालू आहे ना, हे त्यानं वाकून बघितलं. 

"भरारी पथक आलं. दारातनं आत आले तसा मी मोबाइल खाली टाकला आणि पायानं मागं ढकलला. तो घसरत त्याच्या बाकाखाली गेला. आवाज झाला म्हणून त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात ते लोक त्याच्यापाशी आले."

"तो काय म्हणाला?"

"माझा नाही म्हणाला. मग कोणाचा, विचारलं तर, माहीत नाही. मी पुढं बघून पेपर लिहीत होतो." त्याचा आवाज सरळ होता, धडा वाचून दाखवावा तसा. "मला वाटलं समितीपुढं तो सांगेल. मी मनाची तयारी केली होती, खोटं नाही सांगत. त्यानं सांगितलं की लगेच उठायचं आणि हो म्हणायचं, असं ठरवलं होतं. साक्षीला मलाही बोलावलं होतं, पुढच्या बाकावरचा म्हणून. पण तो बोललाच नाही. समितीच्या अध्यक्षांनी तो मोबाइल हातात घेतला, उलटा केला. त्याचं मागचं झाकण सैल होतं, त्याला मलमपट्टीची पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. त्यांनी ती बघितली. त्यांना कळलं."

"त्यांना कसं कळणार?"

"ती पट्टी त्यांनीच लावली होती. आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर."

मला एकदम काही उमजलं नाही. मग तो जे बोलला ते मला नाही, यंत्राला बोलला.

"अध्यक्ष माझे बाबा होते. त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि यल्लेशला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. यल्लेश त्यांच्याकडं बघत होता. आमच्या घरी जेवलेला होता तो. त्यांच्या तोंडावर त्यांच्या पोराचं नाव कसं घेणार? खाली मान घालून म्हणाला, काही नाही सर. चार परीक्षांना बंदी घातली त्याला. हॉस्टेल गेलं. मग तो चाकणला बांधकामावर गेला आणि पावसाळ्याच्या तोंडाला स्लॅबवरनं पडून मेला."

दाभाडे आणि दोडमनी, हजेरीपटावर खालीवर.  सरांचा मुलगा विद्यापीठात शिकतो एवढं मला ऐकून माहीत होतं. सरांनी कधी घरी बोलावलं नव्हतं.

"बाबांनी मला काही विचारलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मीही काही बोललो नाही. आता बंद करा ते."

मी बंद केलं. त्यानं डबा पिशवीत घातला आणि दुसऱ्या पिलरच्या सावलीत जाऊन बसला.

सर विभागात एकटेच होते. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"भेटला?"

"हो सर."

"किती वेळ बोलला?"

"बराच वेळ."

सरांनी मान हलवली. "घरात आमचं 'मीठ दे' आणि 'येतो'च्या पलीकडं बोलणं होत नाही," ते म्हणाले. मला सगळं कळलं आहे हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. "तुम्ही जरा बाहेर थांबता?"

मी व्हरांड्यात उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आतून त्या मुलाचा तो सपाट आवाज अस्पष्ट यायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून यायचा. मी जाऊ शकले असते, पण पाय निघाला नाही. बऱ्याच वेळानं सरांनी हाक मारली. ते चष्मा पुसत होते.

"त्याला विचारायचं होतं मला. रोज वाटायचं, आज विचारू. मग वाटायचं, विचारलं आणि तो हो म्हणाला तर पुढं काय करायचं?" ते म्हणाले. "यल्लेश गेल्याचं कळलं त्यानंतर मी या प्रकल्पासाठी अर्ज केला. सगळ्यांना विचारलं तर त्यात त्यालाही विचारलं जाईल, असं वाटलं. बाकी ही सगळी यंत्रं, प्रश्नावली..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"सर, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. त्यांना असं काही विचारायची माझी प्राज्ञा नव्हती, पण विचारून गेले.

"मोबाइल हातात घेतला तेव्हा वाटलं, यल्लेश बोलेल. तो बोलला की मग मला बोलावंच लागेल. तो बोलला नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं." त्यांनी चष्मा चढवला. "एवढंच झालं, शैलजा. दुसरं काही नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कानडी घरात बोलता ना?"

"हो सर. अक्कलकोटकडचेच आम्ही."

"यल्लेशच्या आईला मराठी येत नाही. मी एकदा गावाच्या कमानीपर्यंत जाऊन परत आलो. तिच्याशी काय आणि कसं बोलणार, हेच कळेना. तुम्हाला प्रकल्पावर घेताना मी ते बघितलं होतं."

इतक्या अर्जांतून माझा अर्ज का निवडला गेला, ते मला त्या क्षणी समजलं. ते वाईट वाटण्यासारखं होतं आणि मला वाईट वाटलंही. पण समोरचा माणूस असा बसला होता की त्याच्यापुढं ते बोलून दाखवणं शक्य नव्हतं.

"आधी कुलगुरूंना सांगायला हवं, सर."

"सांगणार आहे. पण त्याच्या आईवडिलांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. त्यांच्या मुलाच्या नावावर कॉपीचा डाग आहे, तो तरी जाईल. येता का माझ्याबरोबर?"

मी हो म्हणाले. त्या वेळी मला ते चांगलं काम वाटलं. उशिरा का होईना, खरं बोललं जाणार होतं.

रविवारी आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. मी पुढं, निषाद मागं. निषाद हे त्याचं नाव मला गाडीत बसताना कळलं. सरांनी माझी ओळख करून दिली तेव्हा तो, "माहीत आहे मला," एवढंच म्हणाला. अक्कलकोट मागं पडलं, रस्ता अरुंद झाला. तुरी काढून झाल्या होत्या, रानं उघडी पडली होती. मधेमधे उभ्या उसाचे पट्टे. बाप-लेकांमध्ये एक शब्द नव्हता. एकदा सरांनी आरशात बघून, "पाणी हवंय का?" विचारलं. निषाद नको म्हणाला. 

दोडमनींचं घर गावाच्या कडेला होतं, शहाबादी फरश्यांच्या भिंतींचं. अंगणात लिंबाची सावली होती आणि तिथं एक बाई सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत बसली होती. ती यल्लेशची आई, महादेवी. मी वाकून नमस्कार केला, कानडीतून माझं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. तिनं आतून घोंगडी आणून अंथरली, तांब्या-भांडं आणून ठेवलं.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"यल्लेशच्या विद्यापीठातले सर. हा त्याचा मित्र."

"मित्र," ती म्हणाली आणि निषादकडं बघत राहिली. त्याला बघून तिला आपला मुलगा आठवत असणार. तिनं पाण्याचं भांडं भरून त्याच्यापुढं केलं. त्यानं ते घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

सर सांगू लागले. एकेक वाक्य मराठीत सांगून थांबायचे आणि मी ते कानडीत सांगायची. यल्लेश हुशार होता. परीक्षेत त्याच्या बाकाखाली मोबाइल सापडला. चौकशी समिती बसली, तिचे अध्यक्ष सर होते.

"तो मोबाइल मी ओळखला," सर म्हणाले.

मी कानडीत म्हटलं, "तो मोबाइल सरांनी ओळखला."

सर थांबले. कानडी कळत नसली तरी 'सर' हा शब्द त्यांना कळला होता. "सर म्हणू नका, शैलजा. मी म्हणतो तसं म्हणा. मी."

मग मी तसं म्हणू लागले. तो मोबाइल मी ओळखला. तो माझ्या घरातला होता. तुमच्या मुलाचा दोष नाही हे मला कळलं होतं. तरी मी गप्प बसले. मराठीत बाई म्हणेल 'बसले' आणि पुरुष म्हणेल 'बसलो'. कानडीत तसा फरक नाही. 'मी' म्हटलं की ते सगळं मीच केल्यासारखं ऐकू येत होतं. महादेवी सरांकडं बघतच नव्हती. कानडी माझ्या तोंडून येत होती, म्हणून तिची नजर माझ्या तोंडावर होती.

सर थांबले तसा निषाद बोलला.  "मोबाइल माझा होता. मी पायानं त्याच्याकडं ढकलला. त्याला माहीत होतं, पण त्यानं माझं नाव घेतलं नाही."

आणि तेही मी सांगितलं. मोबाइल माझा होता. मी तो त्याच्याकडं ढकलला. त्यानं माझं नाव घेतलं नाही.

महादेवीचा हात डाळीत तसाच राहिला.

"म्हणजे त्यानं केलं नव्हतं," ती मला म्हणाली.

"नाही अव्वा."

"आम्हाला कागद आला तेव्हा गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवला. चोरी करून लिहिताना सापडला म्हणून." ती सावकाश बोलत होती, एकेक गोष्ट हातात घेऊन बघावी तशी. "तो घरी आला. मी त्याला विचारलं. नाही अव्वा, मी केलं नाही, म्हणाला. मी म्हटलं, मग कोणी केलं? माहीत नाही म्हणाला. पुन्हा विचारलं. माहीत नाही. माहीत नाही असं कसं असेल? म्हणून मला वाटलं, खोटं बोलतोय. त्याच्या बापानं पारावर सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं. मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. तोंड दाखवू नको म्हटलं."

मी हे मराठीत सांगायला हवं होतं, पण मला सांगता येईना.

"काय म्हणतात त्या?" सरांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. "त्यांना सांगा, मी विद्यापीठाकडून त्याला निर्दोष ठरवून घेईन. लेखी. सगळ्यांना दाखवता येईल असं."

मी सांगितलं.

"कोणाला दाखवू?" ती म्हणाली.

निषादनं भांडं खाली ठेवलं आणि तिच्या पायाशी वाकायला गेला. तिनं पाय मागं घेतले. रागानं नाही, चुलीपाशी बसलेलं माणूस ठिणगी उडाल्यावर घेतं तसे. तो तिथंच गुडघ्यांवर राहिला.

"तो गेला, तेव्हापासून मी मनाला समजावत होते," ती म्हणाली. "त्याची चूक झाली, आपण रागावलो. आईबाप रागावतातच. चुकलेल्या पोराला रागावलो, त्यात आपलं काय चुकलं? त्यावर मी आजपर्यंत काढले दिवस. तू आता येऊन सांगतेस, त्यानं केलंच नव्हतं."

ती मलाच 'तू' म्हणाली होती.  

सरांना शब्द कळले नव्हते, पण काय झालं ते कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "आपण निघू या. त्यांना त्रास होतोय." ते उठलेही. तेव्हा महादेवीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं.

"हे कुठं निघाले?" तिनं मला विचारलं. "त्याचा बाप रानात गेलाय. त्याला कोण सांगणार? मी सांगू? चोर तो म्हणाला होता पोराला, मी नाही. त्याला हे मी सांगायचं? ते सगळं इथं टाकून तुम्ही जाणार?" तिनं सूप बाजूला सारलं. "बसायला सांग त्यांना. त्याचा बाप येईपर्यंत बसायचं."

मी सांगितलं. सर घोंगडीवर पुन्हा बसले. निषाद उठलाच नव्हता.

त्या रविवारनंतरचं सगळं कागदोपत्री रीतसर झालं. सरांनी कुलगुरूंना सगळं सांगितलं. यल्लेशवरची कारवाई रद्द झाली, तसं पत्र त्याच्या गावी गेलं. सरांची चौकशी चालू झाली आणि ती पुरी व्हायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. ते साताऱ्याकडं परत गेले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी आली, त्यात यल्लेशचं नाव चुकीचं छापलं होतं. सर्वेक्षण दुसऱ्या विभागप्रमुखांकडं गेलं, त्याचा अहवाल निघाला, आणि सरांनी घातलेला प्रश्न त्यातून वगळलेला होता. निषाद त्या वर्षी परीक्षेला बसला नाही, पुढंही बसला नाही. बार्शीकडं खत-बियाण्याच्या दुकानात तो काम करतो, असं कोणीतरी सांगितलं. मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडं पीएच.डी. पुरी केली आणि आता मी स्वतःच शिकवते. कमी सहभागाच्या मुलांच्या याद्या आमच्याकडंही दर सत्राला येतात.

पण त्या दुपारी यातलं काहीच अजून झालेलं नव्हतं. आम्ही लिंबाखाली बसून होतो. महादेवी आत गेली नाही, आमच्याशी बोलली नाही, डाळीलाही तिनं पुन्हा हात लावला नाही. शेजारची एक बाई येऊन डोकावून गेली. सावली अंगणातून भिंतीवर चढली. सरांनी एकदा निषादच्या खांद्यावर हात ठेवला आणि निषादनं तो झटकला नाही. बाप-लेकांतलं तेवढंच काय ते मी बघितलं.

उन्हं उतरल्यावर गल्लीच्या टोकाला यल्लेशचे वडील, शरणप्पा, दिसले. डोक्यावर कडब्याची पेंढी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. अंगणातली अनोळखी माणसं बघून त्यांची चाल जरा मंदावली. महादेवी उठली. तिनं पेंढी उतरवून घेतली, त्यांना पाणी दिलं. ते उभ्यानंच प्याले आणि तोंड पुसून त्यांनी तिच्याकडं बघितलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "सांग," ती म्हणाली.

सर हात जोडून उठले आणि मराठीत बोलायला लागणार तोच महादेवीनं हातानंच त्यांना थांबवलं. "तिला सांगू दे."

या वेळी मी कोणाच्या वाक्याची वाट बघितली नाही.

"तुमच्या मुलानं कॉपी केली नव्हती," मी म्हणाले.

शरणप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला. ते लिंबाच्या बुंध्याला टेकून उकिडवे बसले. पटक्याचं टोक हातात धरून थोडा वेळ त्याच्याकडंच बघत राहिले.

"ते तो सांगत होता," ते म्हणाले. मग मान वर केली. "पुढं सांग."

मी पुढचं सांगितलं.